नानाजींची वही आणि अकरा लाखांचं सॉफ्टवेअर

या वेळचं पत्र नागपूरच्या एका कंत्राटदार ताईंचं आहे. लांबलचक होतं, त्यांच्या परवानगीनं आटोपशीर करून देतोय.

«नमस्कार सर. बाबांनी 1991 साली लहान ठेक्यांपासून काम सुरू केलं. आज बेसा, मनीषनगर आणि जामठा भागात आमच्या चार साइट चालू आहेत : दोन बिल्डरांच्या इमारती, एक शाळा, एक सरकारी वसतिगृह. पगारावर 41 माणसं. मी सिव्हिल इंजिनिअर, पुण्यात नोकरी करून तीन वर्षांपूर्वी परत आले. आल्यावर पहिलं काम केलं ते कंपनी 'डिजिटल' करायचं. सॉफ्टवेअर, टॅब, ट्रेनिंग धरून 11 लाख खर्च झाले. चार तरुण इंजिनिअर घेतले.

आज परिस्थिती अशी की सुपरवायझर रोजच्या अहवालात 'काम चालू' एवढंच भरतात. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी कोणी भरलं, कोणी नाही हे पडद्यावर दाखवते, तरी फरक नाही. खरेदी सॉफ्टवेअरवर आणल्यावर लोखंडात किलोमागे 60 पैसे वाचले, पण इतवारी बाजारातल्या जुन्या व्यापाऱ्यानं 45 दिवसांची उधारी बंद केली. तीन वर्षांपूर्वी पगारावर 1 कोटी 20 लाख जायचे, आता 1 कोटी 60 लाख. घसारा 20 लाखांचा 30 झाला. आणि व्याज-कराआधीचा नफा 1 कोटी 10 लाखांवरून 70 लाखांवर आला.

त्यात आमचे सर्वांत जुने सुपरवायझर नानाजी दसऱ्याला काम सोडून पवनीला गावी जाणार. ते टॅबला हात लावत नाहीत, खिशात वही ठेवतात. सल्लागार म्हणतो, जुनी माणसं जातील तेव्हाच सिस्टिम चालेल, आणि दुसऱ्या टप्प्याचं 6 लाखांचं कोटेशन देऊन बसलाय. बाबा म्हणतात, 'सॉफ्टवेअरनं स्लॅब घातला जात नाही.' मी एमबीएच्या नोट्समध्ये बौद्धिक भांडवलाबद्दल वाचलं होतं, पण आमच्यासारख्या कंपनीत त्याचा अर्थ काय? मी चुकले का? जुन्यांना जाऊ देऊन नवी टीम उभी करू, की सॉफ्टवेअरच गुंडाळू?

ता.क. हे पत्र बाबांना दाखवू का?

आपली, अडकलेली कंत्राटदार, नागपूर»

ताई, सॉफ्टवेअर घेतलं ही चूक नाही. ते ज्या क्रमानं आणलं तो क्रम उलटा झाला. तुमच्या कंपनीची खरी पुंजी आज नानाजींच्या खिशातल्या वहीत आणि बाबांच्या फोनमध्ये आहे. ती बाहेर काढायच्या आधीच तुम्ही तिजोरी विकत घेतलीत, आणि रिकामी तिजोरी रोज कोण उघडणार?

तुम्ही बौद्धिक भांडवलाचं विचारलंत म्हणून थोडं त्याबद्दल. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट मिस्त्रीलाही कळेल अशी. स्वीडनच्या स्कांडिया या विमा कंपनीनं 1990च्या दशकात आपल्या वार्षिक अहवालासोबत यावर वेगळी पुरवणी काढली. ताळेबंदात इमारती दिसतात, रोकड दिसते, पण कंपनी ज्यावर चालते ते ज्ञान कुठंच दिसत नाही, ही त्यांची तक्रार होती. तेव्हापासून याचे साधारण तीन भाग धरतात. माणसांच्या डोक्यात आणि हातात आहे ते मानवी भांडवल. माणसं संध्याकाळी घरी गेल्यावरही ऑफिसात उरतं ते संरचनात्मक, म्हणजे नोंदी, पद्धती, नकाशे, सॉफ्टवेअर. आणि बाहेरच्यांशी जमलेला भरवसा ते संबंधांचं भांडवल. आपल्याकडे लेखा मानक 26 प्रमाणे कंपनीनं स्वतः कमावलेली गुडविल, म्हणजे नावलौकिक, मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, आणि ट्रेनिंगचा पैसा त्याच वर्षी खर्ची पडतो. तुमच्या ताळेबंदात टॅब आहेत, नानाजी नाहीत. त्यामुळे टॅब जुना झाला की घसारा निघतो, नानाजी गेले की नोंदसुद्धा होत नाही.

आता तुमचेच आकडे घेऊ. आन्ते पुलिक नावाच्या अर्थतज्ज्ञानं यासाठी एक मोजपट्टी काढली, ती घरच्या घरी लावता येते. सिमेंट, लोखंड, रेती, लेबर ठेकेदार, डिझेल असं बाहेरच्यांना देऊन जे उरतं ती तुम्ही घातलेली भर. म्हणजे पगार अधिक नफा अधिक घसारा. तीन वर्षांपूर्वी ती अडीच कोटी होती, आता 2 कोटी 60 लाख. वाढली, नाही का? पण हिला पगारानं भागा. तेव्हा पगाराच्या एका रुपयामागे 2 रुपये 8 पैसे भर पडायची, आता 1 रुपया 62 पैसे. आणि भरीतून पगार वजा केला तर कंपनीच्या पदरात तेव्हा 1 कोटी 30 लाख उरायचे, आता एक कोटी. हा उरलेला हिस्सा या पद्धतीत संरचनात्मक भांडवलाची कमाई मानतात. तुम्ही सॉफ्टवेअर आणलंत ते नेमकं हाच हिस्सा वाढवायला. तो 52 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आलाय.

यावरून लगेच कुणाला घरी पाठवू नका. ही मोजपट्टी तापमापकासारखी आहे, ताप आहे एवढं सांगते, मलेरिया की टायफॉइड ते नाही. एखादी साइट दोन महिने थांबली तरी आकडा पडतो. शिवाय ती पगारालाच ज्ञान समजते, म्हणजे कमी पगाराचे नानाजी तिच्या लेखी कमी ज्ञानाचे. हसू येतं ना? पण तुमचा सल्लागारही थोडंफार तसंच समजून बसलाय.

नानाजींच्या वहीत काय असतं ते मी न बघता सांगू शकतो, कारण अशा चार-पाच वह्या मी चाळल्यात. एका पानावर प्लॉटचा आडवातिडवा नकाशा आणि 'इथं 5 फूट काळी, मग पिवळी, 9 फुटांवर मुरूम'. दुसऱ्यावर सेंट्रिंगवाल्याच्या, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणाऱ्याच्या, प्लेटांचा हिशेब. मध्येच नातीच्या लग्नाची यादी. नागपुरात जमिनीची ही नोंद म्हणजे सोनं आहे. सीताबर्डीच्या टेकडीच्या पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला जुने नाइस खडक, आणि वर कुठं दोन फूट तर कुठं दहा फूट काळी माती, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. शेजारच्या प्लॉटवर मुरूम कितीवर लागला होता हे ठाऊक असेल तर टेंडरमध्ये खोदाईचा दर विचारानं भरता येतो. दोन-तीन ठिकाणची माती-चाचणी जे सांगत नाही ते तीस वर्षांची वही सांगते.

आता रेतीचं बघा. ट्रक साइटवर आला की नानाजी काय करत असतील? मूठभर रेती दाबतात, हात उघडतात. गोळा राहिला तर ड्रायव्हरकडे बघून नकारार्थी मान हलवतात. तुमच्या टॅबवरचा पोरगा ट्रकचा हौदा मोजून '4 ब्रास' भरतो आणि चालानचा फोटो टाकतो. दोघांत फरक कुठं? ओलसर रेती फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असेल तर मापात 20 ते 30 टक्क्यांपर्यंत वाढ दिसू शकते, बारीक रेती जास्तच फुगते. उभ्या बरणीत 20 सेंटिमीटर ओली रेती भरा, वरून पाणी सोडा आणि ढवळा. ती 16 सेंटिमीटरवर बसली तर समजा 25 टक्के फुगलेली होती. म्हणजे 100 घनफुटांच्या ब्रासमध्ये खरी रेती 80 घनफूटच. पैसे शंभराचे गेले, आणि मिक्सरला घमेल्यानं मोजून टाकली तर काँक्रीटमध्ये रेती कमी, पाणी जास्त. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही एंट्री अगदी बरोबर दिसेल. चालान आहे, फोटो आहे, सही आहे. चूक अशी की ती कुठंच दिसत नाही.

म्हणून त्या स्टोअरच्या स्क्रीनवर एक रकाना वाढवून घ्या : 'बरणी चाचणी, किती सेंटिमीटरवर बसली'. बस. नानाजींची मूठ त्या रकान्यात आली. मानवी भांडवलाचं संरचनात्मक भांडवलात रूपांतर म्हणतात ते हेच, प्लास्टिकच्या बरणीत मावतं.

लोखंडाचंही तेच. 12 मीटरच्या 16 एमएम सळईतून 4.2 मीटरचे दोन तुकडे काढले की 3.6 मीटर उरते. मीटरला 1.58 किलो, म्हणजे साडेपाच किलोच्या वर. नानाजींना आठवतं की जिन्याच्या बाजूला साडेतीन मीटरचे बार लागणार आहेत, ते तो तुकडा बाजूला टाकायला लावतात. त्यांच्या नजरेतलं हे गणित गेलं की तो तुकडा भंगारात. बहुतेक इस्टिमेटात लोखंडाची तूट 3 टक्के धरतात. तुमची चार साइटवर किती येते, बार बेंडिंग शेड्यूल (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता) आणि खरेदीची बिलं शेजारी ठेवून काढा. यासाठी सॉफ्टवेअर खरंच कामाचं आहे, माणसाला चार साइटचे उरलेले तुकडे एकदम आठवत नाहीत. कटिंगची यादी त्यात घाला, पण ती यादी घालताना नानाजी शेजारी बसलेले हवेत.

इथं माझी एक जुनी जखम सांगतो. वीस-एक वर्षांपूर्वी मी एका कंपनीत साइट सांभाळत होतो. पायाच्या खोदाईत कठीण खडक लागला, टेंडरमध्ये तेवढा धरलेला नव्हता. आमच्या बिलिंगवाल्यानं समोरच्या पार्टीच्या माणसासोबत लेव्हल, म्हणजे खोलीची मापं, घेतली, कागदावर आकडे लिहिले, 'एमबीत (मोजमाप वहीत) नंतर चढवू' म्हणाला. तो कुठला खड्डा, किती फूट मुरूम, किती फूट खडक, सगळं त्याला तोंडपाठ. तीन महिन्यांनी त्यानं दुसरीकडे जास्त पगारावर नोकरी धरली. कागद सापडला, पण त्यावर सही नव्हती आणि तारीखही नव्हती. खड्डे तोवर पायाच्या काँक्रीटखाली गाडले गेलेले. साडेचार लाखांचा दावा बुडाला. मी त्या माणसाला बरीच वर्षं मनातून शिव्या दिल्या. नंतर उमगलं की त्याचा काय दोष, साडेचार लाख एका माणसाच्या आठवणीवर ठेवणारा मीच होतो.

आज तेच काम मोबाइलवर पाच मिनिटांचं आहे. खड्ड्यात मापाची काठी उभी करून तारखेसह फोटो, लेव्हल, दोन्हीकडच्या माणसांची सही, तिथंच. तुमचं वसतिगृह सरकारी आहे, तिथं तर हे आधी लावा. माझ्या मते छोट्या कंत्राटदाराला डिजिटल होण्याचा सर्वांत रोकडा फायदा इथं मिळतो : काम झाल्यापासून आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) टेबलावर पडेपर्यंतचे दिवस. आज किती लागतात ते मोजा. तीस लागत असतील आणि ते बारा झाले, तर ओव्हरड्राफ्टवरचं व्याज तुम्हाला आपोआप सांगेल की 11 लाख कुठं गेले.

आता तुमची सोमवारची मीटिंग. ताई, पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, पण खरी गोम तिथं आहे. 'कोणी भरलं, कोणी नाही हे पडद्यावर दाखवते.' आठवून बघा, सुरुवातीला कुणीतरी प्रामाणिकपणे भरलं असेल : 'सेंट्रिंगचं मटेरियल नाही, काम बंद, 14 माणसं बसून.' त्या सोमवारी त्याचं काय झालं? मटेरियल आलं, की चौघांसमोर 'काम बंद का ठेवलं' झालं? साइटवरचा माणूस एकदाच शिकतो. त्यानंतर सगळीकडे 'काम चालू'. जी माहिती दिल्यावर आपलीच मान अडकते ती कोण देईल?

तो पडदा दोन महिने बंद करा. त्याऐवजी असं करा की सकाळी साडेनऊपर्यंत ज्यानं अडचण लिहिली त्याला दुपारी दोनपर्यंत उत्तर, आणि ते उत्तर तुमच्याकडून. मटेरियल देता आलं नाही तरी 'उद्या येईल, आज माणसं जिन्यावर लाव' एवढं तरी. पंधरा दिवसांत बघा काय होतं ते. अहवाल वर जातो आणि खाली काही परत येत नाही, तोवर तो गृहपाठच राहणार. आणि चाळीस रकान्यांचा फॉर्म असेल तर सहावर आणा. सुपरवायझरच्या हाताला सिमेंट लागलेलं असतं हो, टॅबची काच त्याला ओळखत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या बोलीत बोलू द्या, ऑफिसातला पोरगा ऐकून भरेल.

सल्लागार मीटिंगमध्ये नागपूर मेट्रोचं उदाहरण देत असेल, पैज लावतो. मेट्रोनं 5डी बिम, म्हणजे बांधकामाचं संगणकावरचं मॉडेल, वापरलं हे खरं : इमारतीच्या तीन मिती, त्यावर वेळ आणि खर्च. 2019च्या मार्चमध्ये प्रवासी सेवा सुरू झाली तेव्हा त्याचं कौतुकही झालं, योग्यच झालं. पण तिथं मालक एक, नियम त्याचा, आणि ठेकेदारांनी माहिती कशी द्यायची ते कामाआधी ठरलेलं. तुमच्या बिल्डरचा आर्किटेक्ट अजून रात्री अकराला पीडीएफ पाठवतो आणि सकाळी फोनवर 'ते नको, दुसरं बघा' म्हणतो. तिथं बिमचं मॉडेल काय करणार? तुम्ही आधी एवढंच पक्कं करा की साइटवर नकाशाची एकच आवृत्ती राहील, जुनी प्रत परत घेतल्याशिवाय नवी द्यायची नाही. एवढ्यानं तोडफोड किती वाचते ते स्वतःच बघाल. मनाला लावूनही घेऊ नका, ही रड जगभरची आहे. मॅकिन्झीच्या 2017च्या अहवालात होतं की त्याआधीच्या दोन दशकांत बांधकामात मजुरांची उत्पादकता वर्षाला सरासरी 1 टक्का वाढली, कारखानदारीत 3.6 टक्के. म्हणजे मोठमोठे अडकलेत, तुम्ही तर तीनच वर्षं झगडताय.

लोखंडाच्या 60 पैशांकडे येतो, कारण तिथं बाबांचं म्हणणं अर्धं खरं ठरतं. लोखंड किलोला 60 रुपये धरा, बँकेचं व्याज 12 टक्के. 45 दिवसांची उधारी म्हणजे किलोमागे सुमारे 89 पैसे व्याज वाचत होतं. तुम्ही 60 पैसे वाचवले आणि 89 घालवले. टनाला 290 रुपयांचा खड्डा. आणि हे फक्त व्याजाचं झालं. शनिवारी संध्याकाळी स्लॅबच्या आदल्या दिवशी आठ एमएम कमी पडलं तर बाबांच्या एका फोनवर जो गाडी पाठवायचा तोही गेला. तीन कोटेशनं मागणारं मॉड्यूल दर बघतं, फोन बघत नाही. व्यापाऱ्यांच्या यादीत दोन रकाने घाला, उधारीचे दिवस आणि अडीअडचणीला माल दिला का. मग दर व्याजासकट तुलनेला ठेवा. आणि बाबांना घेऊन इतवारीत जा, चहा घ्या, उधारी पुन्हा सुरू करा. तुमचं जाणंच महत्त्वाचं आहे, कारण आज तो भरवसा बाबांच्या नावावर आहे. तुमच्या नावावर व्हायला चेहरा दाखवावा लागतो, ते लॉगिननं होत नाही.

आता नानाजी. दसऱ्याला चार महिने आहेत, आणि बरं झालं पावसाळा आहे. खोदाई, स्लॅब मंदावतील, वेळ मिळेल. त्यांना केबिनमध्ये कॅमेऱ्यासमोर बसवून 'तुमचा अनुभव सांगा' असं अजिबात करू नका. 'आता काय सांगू बाई, आपोआप समजते' म्हणतील आणि चहा पिऊन उठतील. त्यांना साइटवरच बोलतं करता येतं. चार इंजिनिअरांपैकी जिज्ञासू एक निवडा, हुशार नसला तरी चालेल, आणि त्याला चार महिने त्यांच्या मागं लावा. त्यानं फक्त दोन प्रश्न विचारायचे : 'हे असं काहून?' आणि 'याच्यात चुकलं होतं का कधी?' दुसऱ्या प्रश्नाला माणूस खरा खुलतो.

मागच्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, त्यांनी स्लॅब कसा घातला ते विचारा. मला खात्री आहे, दुपारी घातलाच नसेल. गिट्टीवर आदल्या दिवसापासून पाणी, भरणी संध्याकाळी सुरू, पहाटेआधी पूर्ण, आणि फिनिशिंग झालं की वर ओलं बारदान. भारतीय मानक 7861 मध्ये उन्हाळ्यातल्या काँक्रीटसाठी घालतानाचं तापमान 40 अंशांच्या आत ठेवायला सांगितलंय, आणि 456 मध्ये कोरड्या-उष्ण हवेत तराई (पाणी मारून ओलं ठेवणं) किमान 10 दिवस. नानाजींनी यातलं काही वाचलं नसेल. पण तुमच्या तरुण इंजिनिअरनं वाचलंय आणि पाळलं नाही, कारण भर मेमध्ये ते पाळायचं कसं हे पुस्तकात नाही. पाण्याचा टँकर कितीला बोलवायचा, रात्रपाळीला कुठला मुकादम माणसं देतो, रेजांना (मजूर बायांना) घरी पोचवायची सोय कोण करणार, हे सगळं त्या वहीत आहे. या दोघांची सांगड बसली की तुमची 'उन्हाळी स्लॅबची पद्धत' तयार झाली. एक पान. तेच सॉफ्टवेअरमध्ये चेकलिस्ट म्हणून चढवा, वर नाव द्या 'नानाजी पद्धत'. नाव नक्की द्या, गंमत म्हणून सांगत नाहीये. ज्याचं ज्ञान आपण घेतो त्याचं नाव ठेवायला काय जातं?

आणि नोंदी ठेवायचं आणखी एक कारण. रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरला दुरुस्त करून द्यावा लागतो, आणि बिल्डर तुमच्याकडे बोट दाखवणार. त्या दिवशी कुठला स्लॅब कुठल्या तारखेला घातला, क्यूबचे (काँक्रीटच्या तपासणी ठोकळ्यांचे) 7 आणि 28 दिवसांचे निकाल काय, स्लॅबखालचे टेके कितव्या दिवशी काढले, हे कोण सांगेल? नानाजी पवनीत धान लावत असतील.

त्यांच्या पैशाचंही बोलतो, कारण यावर सगळे गुळमुळीत असतात. माणसाला 'जाण्याआधी सगळं लिहून दे' म्हणणं म्हणजे 'आता तुझी गरज नाही' म्हणणं. त्याला ते बरोबर कळतं. आधी बाबांनी आणि तुम्ही घरी जाऊन सांगा की दसऱ्यानंतर महिन्यातून चार दिवस या, येण्याजाण्यासकट इतके रुपये, लेखी. आणि या चार महिन्यांच्या शिकवण्याचे वेगळे पैसे, पगाराच्या वर. सल्लागार 6 लाख मागतोय ना? त्यातले दीड-दोन लाख इकडे वळवा, राहिलेले बँकेत ठेवा. कोटेशनला दिवाळीपर्यंत उत्तर देऊ नका. तो फोन करेलच, 'ऑफर संपतेय' म्हणेल. या ऑफरी संपत नसतात.

नव्या चौघांपैकी कुणाला काढायचं का? आत्ता नाही. त्यांनी आजवर फॉर्म भरण्यापलीकडे केलं काय, त्यांना तुम्ही साइट दिलीय कुठं? एकेकाला एकेक साइटच्या लोखंडाची तूट आणि बिलाचे दिवस द्या. सहा महिन्यांनी आकडे बोलतील, आणि त्याच वेळी ती भर भागिले पगार पुन्हा काढा. 1.62 चं 1.75 झालं तरी मी पेढे मागायला येईन.

राहिला ताजा कलम. पत्र बाबांना दाखवा, माझं उत्तरही दाखवा. फक्त किलोमागे 89 पैशांचा हिशेब त्यांना आधी स्वतः करू द्या, कागद-पेन देऊन. तुम्ही करून दाखवलात तर 'मी म्हणालोच होतो' म्हणतील आणि विषय संपेल. त्यांनी केला तर चष्मा काढून पुढचं विचारतील, म्हणजे बिलाचे दिवस किती लागतात ते. तेव्हा टॅब त्यांच्या हातात द्या, वसतिगृहाचं पान उघडून. अक्षर मोठं करून ठेवा मात्र.